मशीन काढायचं की नाही? एका मशिदीचं आणि तिच्या इमामांच्या शिक्षणाचं प्रकरण

पार्श्वभूमी

उत्तर इंग्लंडमधल्या एका जुन्या गिरणगावात आमची मशीद आहे. गावाचं, मशिदीचं आणि रुग्णालयाचं नाव इथे देत नाही. कुटुंब ओळखू येईल असे तपशीलही बदलले आहेत. त्या काळात मी मशीद कमिटीचा सेक्रेटरी होतो. खाली जे जे चुकलं म्हणून लिहिलं आहे, त्यात माझाही वाटा आहे.

आमच्यातले बहुतेक रत्नागिरी-रायगडकडचे कोकणी मुसलमान. आधीची पिढी बोटीवर खलाशी. साठच्या दशकात इथल्या कापडगिरण्यांना रात्रपाळीला माणसं मिळेनात, तेव्हा सुरत-भरूचकडच्या लोकांबरोबर आमची माणसंही आली. गिरण्या बंद पडल्या, माणसं राहिली. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये मुसलमान ३९ लाख भरले, म्हणजे शंभरात साडेसहा. आमच्या मशिदीत आजही पहिल्या सफमध्ये (नमाजीच्या रांगेत) कोकणी बोली ऐकू येते आणि मागच्या सफमध्ये फक्त इंग्रजी.

इमामसाहेबांना इथे नुसतं ‘मौलाना’ म्हणतो. कोकणातल्या एका मदरशात त्यांनी फिक्ह (धर्माचा कायदा) आणि हदीस (पैगंबरांची वचनं) शिकून सनद घेतली. भारतीय उपखंडातल्या बहुतेक मदरशांप्रमाणे तिथलाही कणा दर्स-ए-निजामीचाच. लखनौच्या फिरंगी महलात मुल्ला निजामुद्दीन यांनी अठराव्या शतकात घालून दिलेला हा अभ्यासक्रम. आम्ही शाफई असल्यामुळे फिक्हच्या किताबा मात्र शाफई मजहबच्या, म्हणजे फिक्हच्या त्या परंपरेच्या. अरबी व्याकरण, तर्कशास्त्र, वारसाहक्काची गणितं यांत मौलाना पक्के. इकडे येताना धर्मोपदेशकाच्या व्हिसासाठी लागणारी बी-२ पातळीची इंग्रजी परीक्षाही ते पास झाले होते.

करारपत्रात त्यांचं काम चार ओळींत होतं: पाच वेळची नमाज, जुम्याचा खुतबा (शुक्रवारचं प्रवचन), संध्याकाळी पाच ते सात मुलांचा मकतब (धार्मिक शिकवणी), निकाह आणि जनाजा (मृतासाठीची नमाज). प्रत्यक्षात लोक त्यांच्याकडे घटस्फोट, कर्ज, दारू, मुलाचं ड्रग्ज, सुनेचं नैराश्य, सगळं घेऊन यायचे. ते आम्हाला दिसत होतं. त्यासाठी त्यांना काही शिकवायला हवं, हे नऊ वर्षांत कमिटीच्या एकाही बैठकीत निघालं नाही.

त्या रात्री काय झालं

नोव्हेंबर २०२२. आमच्यातलाच एक पंचेचाळिशीचा माणूस, टॅक्सी चालवणारा, घरात कोसळला. मेंदूत मोठा रक्तस्राव. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांनी कुटुंबाला सांगितलं की मेंदूचं खोड निकामी झालं आहे, आम्ही चाचण्या केल्या आहेत, तो गेला आहे.

या चाचण्या कशा होतात ते मला नंतर कळलं. दोन अनुभवी डॉक्टर मिळून दोनदा तपासतात. डोळ्यांवर प्रकाश टाकतात, बुबुळाला हलका स्पर्श करतात, कानात बर्फगार पाणी सोडतात, श्वासनलिकेत नळी घालून खोकला येतो का पाहतात. शेवटी व्हेंटिलेटर थांबवून माणूस स्वतः श्वास घेतो का याची वाट बघतात. पहिल्या फेरीत काहीच प्रतिसाद नसेल आणि दुसऱ्या फेरीत तेच पक्कं झालं, तर पहिल्या फेरीची वेळ ही कायद्याने मृत्यूची वेळ. इथल्या वैद्यकीय संस्थांनी १९७६ पासून हा निकष धरला आहे आणि न्यायालयंही तो मानतात. त्या रात्रीच्या दोनच वर्षं आधी, २०२० मध्ये, मँचेस्टरच्या एका मुस्लिम कुटुंबातल्या बाळाच्या प्रकरणात अपील न्यायालयाने तो पुन्हा उचलून धरला होता.

यातलं काहीही त्या रात्री आम्हाला माहीत नव्हतं. थोरल्या मुलाने रात्री अकराला मौलानांना फोन केला. मी त्यांना गाडीतून घेऊन गेलो.

पलंगावर माणूस गुलाबी, कोमट. छाती वर-खाली होत होती. मौलाना पलंगाच्या पायथ्याशी गेले, चादर थोडी बाजूला केली आणि त्याचं पाऊल हातात धरून हळूच हलवून पाहिलं. मग डोक्याशी येऊन नाक पाहिलं, कानशिलं पाहिली. ते काय करताहेत ते मला तेव्हा समजलं नाही. फिक्हच्या किताबांत मृत्यूच्या खुणा दिल्या आहेत: पावलं सैल पडतात, नाक कलतं, कानशिलं खचतात. ते त्या खुणा शोधत होते. त्यांना शिकवलेलं काम ते मन लावून करत होते, आणि सापडलेलं उत्तर त्या किताबांप्रमाणे बरोबर होतं. एकही खूण नव्हती.

बाहेर नातेवाइकांच्या खोलीत रुग्णाची आई बसली होती. ती एवढंच म्हणाली, “पोरगा माजा हाय का गेला, तेवढा सांगा, मौलाना.”

मौलाना म्हणाले, “दिल चालू आहे, रूह आहे. मशीन काढणं म्हणजे जीव घेणं.”

झालं. पुढचे दोन दिवस कोणी कोणाचं ऐकेना. रुग्णाचे भाऊ डॉक्टरांना मारेकरी म्हणाले. अवयवदानाची विशेष परिचारिका बोलायला आली, तिला खोलीत येऊ दिलं नाही. ती जाता जाता एवढंच सांगू शकली की गेलेल्याचं नाव राष्ट्रीय दाता नोंदवहीत आहे, त्याने ‘हो’ नोंदवलेलं आहे. भाऊ म्हणाले, फॉर्म भरताना चुकून टिक झाली असेल. विषय तिथेच संपला.

तिसऱ्या दिवशी सकाळी रुग्णालयाचे मुस्लिम चॅप्लेन रजेवरून परतले. चॅप्लेन म्हणजे रुग्णालयाच्या पगारावर असलेला धर्मसेवक. आजाऱ्याच्या आणि त्याच्या माणसांच्या सोबतीला बसणं हेच त्याचं काम. हे गृहस्थही दारुल उलूममधूनच, म्हणजे मोठ्या मदरशातूनच, शिकलेले. ते मौलानांना बाजूला घेऊन गेले. अर्ध्या तासाने दोघं एकत्र कुटुंबापुढे आले. मशीन काढलं गेलं आणि काही मिनिटांत हृदय थांबलं.

प्रकरण तिथेही मिटलं नाही. मृत्यूच्या दाखल्यावरची तारीख दोन दिवस आधीची होती. विधवेची इद्दत, म्हणजे दुसरं लग्न न करता पाळायचा काळ, चार महिने दहा दिवस. ती कुठल्या तारखेपासून धरायची? हा प्रश्न परत मौलानांकडेच आला. त्यांनी हृदय थांबलं त्या दिवसापासून मोजायला सांगितलं. त्या बाईने दोन तारखांचे दोन कागद घरात ठेवले आणि मधले दोन दिवस आपण कोण होतो, बायको की विधवा, असं माझ्या बायकोला विचारलं.

अडचण नेमकी कुठे होती

जनाज्यानंतर तिसऱ्या आठवड्यात थोरला मुलगा कमिटीपुढे आला. वय बावीस. तो रागावलेला नव्हता, त्यामुळे ऐकायला जास्त जड गेलं. त्याचं म्हणणं असं: “डॉक्टर एक सांगत होते, मौलाना एक. आजी मौलानांचं ऐकणार हे उघड होतं. मी माझ्या बापाजवळ शेवटचे दोन दिवस भांडणात घालवले. खोटं कोण बोललं ते मला सांगा.”

खोटं कोणीच बोललं नव्हतं. चॅप्लेनने त्या अर्ध्या तासात मौलानांना काय सांगितलं ते मी पुढे विचारून घेतलं. मला ते या सगळ्या प्रकरणाचं मर्म वाटतं.

मेंदूचा मृत्यू हा शरियतमध्ये मृत्यू आहे का, यावर उलमांमध्ये (धर्मपंडितांमध्ये) दोन मतं आहेत. इस्लामी देशांच्या संघटनेच्या फिक्ह अकादमीने १९८६ मध्ये अम्मानला ठराव केला की मेंदूचं काम पूर्ण आणि कायमचं थांबलं आणि तज्ज्ञ डॉक्टरांनी तसं ठरवलं, तर तो मृत्यूच. मक्केच्या फिक्ह अकादमीने १९८७ मध्ये वेगळं म्हटलं: हृदय आणि श्वास थांबल्याशिवाय मृत्यूचे हुकूम लागू होणार नाहीत. मौलाना स्वतः दुसऱ्या मताच्या जवळचे. पण त्याच मक्केच्या ठरावात असंही आहे की मेंदू कायमचा निकामी झाल्याचं डॉक्टरांनी पक्कं केल्यावर मशीन काढायला परवानगी आहे. म्हणजे मृत्यूची घटका कुठली यावर दोन्ही मतांचं भांडण आहे, मशीन काढण्यावर नाही.

मौलानांना यातला एकही ठराव माहीत नव्हता. त्यांनी आपल्याजवळच्या उसूलावरून निर्णय दिला: अल-यकीनु ला यजूलु बिश्शक. शंकेने खात्री मोडत नाही. जगणं खात्रीचं, मरण शंकेचं, म्हणून माणूस जिवंत धरायचा. विचाराची पद्धत शुद्ध होती, पण समोर काय आहे याची माहिती अपुरी. आणि त्याहून वाईट म्हणजे “मला विचारून सांगावं लागेल” असं म्हणायची सोय त्यांना आम्ही कधी ठेवली नव्हती. रात्री अकराला बोलावलेल्या इमामाकडून लोक उत्तरच मागतात.

समोरचे पर्याय

कमिटीत नऊ जण, सगळे पुरुष. चार बैठका झाल्या.

पहिला सूर तरुण सभासदांचा. मौलानांचा करार संपत आला आहे, वाढवू नका, इथे जन्मलेला आलिम (मदरशात शिकलेला धर्मपंडित) आणा. हा पर्याय अगदीच हातचा होता. बरी या गावात सत्तरच्या दशकापासून दारुल उलूम आहे, ड्यूजबरीलाही मोठं आहे. इंग्रजी मातृभाषा असलेले शेकडो आलिम तिथून बाहेर पडले आहेत. मी आधी याच बाजूचा होतो. मग कोणीतरी विचारलं की त्या मुलांना तिथे शिकवतात काय. मुळात तेच दर्स-ए-निजामी. इंग्रजी चांगलं आहे म्हणून अतिदक्षता विभाग कळतो असं नाही, कमिटीपुढे आलेल्या त्या बावीस वर्षांच्या मुलाचं इंग्रजीही उत्तमच होतं. शिवाय नवा माणूस त्या आजीशी कोणत्या भाषेत बोलणार?

दुसरा पर्याय खजिनदारांचा. मौलानांनी रुग्णालयात जायचंच नाही, तिथलं सगळं चॅप्लेनवर सोपवायचं. कागदावर छान दिसतं. पण एक चॅप्लेन किती रात्री पुरणार? आणि लोक संकटात त्यालाच फोन करतात ज्याने त्यांच्या बाळाच्या कानात अजान दिली. ते बैठकीतल्या ठरावाने बदलत नाही.

तिसरा पर्याय रजा देऊन शिकायला पाठवण्याचा. केंब्रिज मुस्लिम कॉलेज २००९ मध्ये सुरू झालं, ते मुख्यतः अशाच लोकांसाठी: दारुल उलूमची सनद असलेल्यांना वर्षभर इतिहास, विज्ञान, समाज, समुपदेशन वगैरे शिकवायचं. मौलानांना चार मुलं, मशिदीच्या वरच्या मजल्यावर राहतं घर. वर्षभर केंब्रिज त्यांना झेपणारं नव्हतं आणि वर्षभर बदली इमामाचा पगार आम्हालाही.

चौथा पर्याय: काम चालू ठेवून, आठवड्याच्या शेवटी शिक्षण. लेस्टरशायरमध्ये मार्कफील्डला २००३ मध्ये मुस्लिम चॅप्लेनसीचा अभ्यासक्रम सुरू झाला, तेव्हापासून ही वाट देशात रुळली आहे.

इथे एक अडथळा आला ज्याचा मी विचारच केला नव्हता. ‘इमाम ट्रेनिंग’ हे शब्द ऐकताच मौलानांचा चेहरा उतरला. “मला संशयित समजता का?” २००५ च्या लंडनमधल्या बॉम्बस्फोटांनंतर इमामांना शिकवण्याची सरकारी भाषा दहशतवाद रोखण्याच्या कार्यक्रमातूनच आली होती, पैसाही तिथूनच. त्यामुळे मशिदींच्या कानात हा शब्द पोलिसी वाटतो. युरोपभर हेच दिसतं. फ्रान्सने जानेवारी २०२४ पासून परदेशी सरकारांच्या पगारावरचे नवे इमाम घेणं बंद केलं. जर्मनीत ओस्नाब्रुकला २०२१ मध्ये इमामांना जर्मन भाषेत शिकवणारं कॉलेज निघालं, त्याच्या खर्चातही सरकारने वाटा उचलला. कॉलेज वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण पैसे सरकारने दिले की इमामाला पहिला प्रश्न ‘मला बदलायला निघालेत का’ हाच पडतो, आणि तो पडण्याला कारण आहे.

काय केलं

पाच विरुद्ध चार मतांनी चौथा पर्याय निवडला. नगरपालिकेकडून एक छोटा निधी मिळू शकत होता, तो घेतला नाही. मशिदीच्या नव्या गालिच्यासाठी जमलेले पैसे वळवले. गालिचा दोन वर्षं लांबला. यावरून काही देणगीदार नाराज झाले, एकाने महिन्याची देणगी थांबवली ती अजून थांबलेलीच आहे.

मौलानांशी बोलताना मी ‘ट्रेनिंग’ हा शब्द सोडून दिला. त्या मुलाचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “त्या दिवशी डॉक्टर काय म्हणाला ते मला अर्धंच कळलं होतं. विचारायची लाज वाटली.” बी-२ च्या परीक्षेत ‘ब्रेन-स्टेम’ (मेंदूचं खोड) हा शब्द येत नाही.

तीन गोष्टी ठरल्या. एक, शनिवार-रविवारचा चॅप्लेनसीचा अभ्यासक्रम. दोन, दर पंधरवड्याला एक दिवस त्याच चॅप्लेनबरोबर वॉर्डात फिरणं, नुसतं बघत आणि ऐकत. तीन, करारपत्र नव्याने लिहिणं: आठवड्याचा एक पूर्ण मोकळा दिवस, रात्रीच्या फोनसाठी पाळी, आणि अडचणीच्या मसल्यात (धर्माच्या प्रश्नात) थेट फोन करता येईल अशा दोन मुफ्तींची (फतवा देणाऱ्या जाणकारांची) नावं.

मौलानांना सर्वात जड गेला तो अभ्यास वेगळाच होता. चॅप्लेनसीत काही न सांगता बसायला शिकवतात. आमच्याकडे आलिमकडे गेलं की मसला सुटला पाहिजे. एका तरुण बाईचं बाळ पोटातच गेलं होतं. तिच्याजवळ ते वीस मिनिटं बसले आणि शेवटी फक्त दुआ केली. परत येताना गाडीत ते मला म्हणाले की आज मी काहीच काम केलं नाही. चार दिवसांनी तिच्या नवऱ्याने मशिदीत येऊन त्यांचा हात धरला, तेव्हा त्यांना काय वाटलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

वॉर्डाबाहेरचंही बरंच बदललं. निकाहचंच बघा. इंग्लंडमध्ये नुसत्या निकाहला कायद्याने लग्न मानत नाहीत. २०२० मध्ये अपील न्यायालयाने अशा एका प्रकरणात सांगितलं की ते रद्द ठरवण्याजोगं लग्नसुद्धा नाही, त्यामुळे बाईला नवऱ्याच्या मालमत्तेत पत्नी म्हणून कोर्टाकडून काही मिळत नाही. मौलानांनी नऊ वर्षांत लावलेल्या निकाहांपैकी कितींची सरकारी नोंद झाली होती, हे आम्ही कधी मोजलंच नव्हतं. आता रजिस्टर ऑफिसचा कागद दाखवल्याशिवाय ते निकाह लावत नाहीत. फेब्रुवारी २०२३ पासून अठराच्या आतल्या मुलामुलीचा नुसता धार्मिक विवाह घडवून आणणंही इथे गुन्हा झाला. तो कायदा त्यांनी स्वतः वाचून एका जुम्याला खुतब्यात समजावला, अर्धा कोकणीत, अर्धा इंग्रजीत.

पुढे काय झालं

२०२४ च्या मे महिन्यात तशीच रात्र पुन्हा आली. दुसरं कुटुंब, तरुण मुलगी, अपघात. मौलाना गेले, आधी डॉक्टरांना भेटले, कोणत्या चाचण्या झाल्या आणि किती वेळा ते विचारलं. मग आईवडिलांना म्हणाले की मृत्यूच्या घटकेबद्दल उलमांमध्ये मतभेद आहे, मशीन काढण्याबद्दल तसा नाही. घाई नाही, मी इथेच आहे. सकाळपर्यंत ते तिथेच बसले.

अवयवदानाबद्दल त्यांचं मत मात्र बदललेलं नाही. इंग्लंडमध्ये मे २०२० पासून, नकार नोंदवलेला नसेल तर संमती आहे असं धरतात. त्याच्या आदल्या वर्षी मुफ्ती मोहम्मद जुबैर बट यांनी काही अटींवर परवानगी देणारा सविस्तर फतवा दिला. मौलानांनी तो पूर्ण वाचला, आदरही करतात. पण हृदय चालू असताना अवयव काढायला त्यांचं मन तयार नाही. त्या कुटुंबाने विचारलं तेव्हा त्यांनी दोन्ही मतं सांगितली, आपलं कुठलं तेही सांगितलं आणि म्हणाले की निर्णय तुमचा, तुम्ही वेगळं केलंत तरी जनाजा मीच पढवीन. कुटुंबाने दान केलं. जनाजा त्यांनीच पढवला.

कमिटीतल्या एकाला हे पटलं नाही. त्याच्या मते एवढा खर्च करून इमाम ‘आधुनिक’ झालाच नाही. मला हे म्हणणं चूक वाटतं. आम्ही त्यांना मत बदलायला पाठवलं नव्हतं. त्यांच्यापुढे ठेवलेला प्रश्न त्यांना पुरता कळावा आणि समोरच्याला खरं उत्तर मिळावं, म्हणून पाठवलं होतं.

आज पुन्हा करायचं तर

रुग्णालयाशी ओळख आधी करून घेतली असती. चॅप्लेन आमच्या गावातच राहत होते, जुम्याला शेजारच्या मशिदीत जात होते, आणि आम्हाला त्यांचं नावही माहीत नव्हतं. ते रजेवर नसते किंवा आमच्याकडे त्यांचा नंबर असता, तर दोन दिवसांची कोंडी कदाचित दोन तासांत सुटली असती.

करारपत्र पहिल्याच वर्षी नीट लिहिलं असतं. दिवसरात्र राबणाऱ्या माणसाला आणखी शिका म्हणणं हा जुलूम आहे. मोकळा दिवस आधी द्यायला हवा होता, अभ्यासक्रम नंतर.

आणि एक गोष्ट आहे, जी मला सगळ्यात जास्त टोचते. दीड वर्षाने त्या टॅक्सीवाल्याची धाकटी मुलगी माझ्या बायकोशी बोलली. बापाने दाता नोंदवहीत नाव घातलं तेव्हा ती शेजारी बसलेली होती, फोन तिचाच होता. त्या नोंदणीत एक प्रश्न असतो: तुमच्या श्रद्धेला धरून दान कसं होईल याबद्दल आम्ही तुमच्या घरच्यांशी बोलावं का? त्यावरही त्याने ‘हो’ केलं होतं, आणि का केलं ते तिला समजावलं होतं. चुकून टिक झालेली नव्हती. ती दोन दिवस बायकांबरोबर कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला बसून होती. मौलानांनी तिला विचारलं नाही, काकांनी नाही, मी नाही.

आमच्या नऊ जणांच्या कमिटीत आता दोन बायका आहेत. पण मकतबच्या पलीकडे एखाद्या आलिमाला, म्हणजे शिकलेल्या स्त्री-पंडितेला, पगार द्यायची आमची तयारी अजून झालेली नाही. वॉर्डात बायकांच्या खोलीत जाऊन बसायला माझी बायको जाते, सनद नाही, शिक्षण नाही. मार्चच्या बैठकीत तिच्या अभ्यासक्रमाच्या फीचा विषय ठेवला आहे.